पंखा आधी बंद कर

समईपासूनच सुरुवात करते. तुला पेपरच्या जिल्हा कार्यालयानं वाचक मेळाव्याचं काम दिलंय, असं काल तुझ्या आईनं फोनवर सांगितलं आणि माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा आली ती न पेटणारी समई. पाहुणे मेणबत्ती धरून उभे, वात काही धरत नाही, फोटोवाला वाकून अवघडलेला, निवेदिका तोच श्लोक तिसऱ्यांदा म्हणतेय आणि मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसतंय. कारण एवढंच, की वरचा पंखा चालू आहे. तेव्हा पंखा आधी बंद कर. वाती तासभर आधी तेलात भिजव, प्रत्येक वातीच्या टोकाला कापराची चिमूट दाब आणि काडेपेटी स्वतःच्या खिशात ठेव. मंडपवाला देतो म्हणतो, पण ऐनवेळी तो चहा प्यायला गेलेला असतो.

मी नोकरीला लागले तेव्हा कार्यालयात वाटणी ठरलेली होती. पुरुषांकडे गुन्हे, राजकारण, साखर कारखाने. आणि मी एकटी बाई म्हणून महिला पुरवणी आणि ‘कार्यक्रम’ माझ्याकडे. रांगोळी स्पर्धा, गुणवंतांचा सत्कार, वर्धापनदिनाचा स्नेहमेळावा, प्रभागातल्या तक्रारींची बैठक. पहिली चार वर्षं मी मनातल्या मनात धुसफुसत काढली. मग हळूहळू लक्षात आलं, की बातमीदार पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस काढून जे आणतात, त्याहून जास्त मला सतरंजीवर बसलेल्या बायका सांगून जातात. तुलाही हे काम दुय्यम वाटत असेल. वाटू दे, पण अंगचोरी करू नकोस.

तारीख ठरवताना संपादकांच्या डायरीआधी गावाची डायरी बघ. लग्नाची दाट तीथ, बाजाराचा दिवस, परीक्षा, ऊसतोडीचे दिवस, क्रिकेटचा सामना हे सगळं तिथंच कळतं. बायका यायला हव्या असतील तर दुपारी 3 ते 5. संध्याकाळी 6 ची वेळ ठेवशील तर समोर फक्त निवृत्त पुरुष बसतील. आणि नळाला पाणी कधी येतं ते त्या त्या भागात विचारून घे. आम्ही एकदा एका वसाहतीत पाणीटंचाईवरच बैठक ठेवली आणि नेमकी पाण्याच्या वेळेला ठेवली. सगळी वसाहत हंडे भरत होती आणि आम्ही 60 रिकाम्या खुर्च्यांसमोर बॅनर ताणून बसलो होतो. उघड्या मैदानावर कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून लेखी घे. आपण पेपरवाले, आपल्याला कोण अडवतंय, या गुर्मीत राहू नकोस. रात्री 10 नंतर भोंगा बंद हा नियम आपणच दरवर्षी गणपतीत छापतो.

आता पत्रिका. गावातली निम्मी भांडणं पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून होतात. ‘प्रमुख पाहुणे’, ‘विशेष उपस्थिती’, ‘सन्माननीय उपस्थिती’ ही सगळी ती भांडणं मिटवायला काढलेली पदं. माझा उपाय साधा होता. मंचावर तीनच खुर्च्या मांडायच्या. चौथी खुर्ची सभागृहाच्या कोपऱ्यातसुद्धा शिल्लक ठेवायची नाही, नाहीतर कार्यकर्ता ती उचलून आणतो आणि त्यावर साहेब बसतात. राजकारणी आले तर पहिल्या रांगेत मानानं बसवायचे, चहा आपल्या हातानं द्यायचा, पण माइक लोकांचे प्रश्न संपल्यावर. रागावतात, पण पुढच्या वेळी पुन्हा येतात. समोर 300 मतदार बसलेले असतात ना.

शाल-श्रीफळाचा हिशेब कागदावर मांडून बघ. एका सत्काराला नाव पुकारणं, उठणं, शाल, नारळ, फोटो असं धरून 2 मिनिटं लागतात. बाराजणांचे सत्कार म्हणजे 24 मिनिटं, आणि तेवढ्यात लहान मूल घेऊन आलेली बाई उठून गेलेली असते. मी शेवटी शेवटी सगळ्यांना बसल्या जागी एकेक पुस्तक द्यायला लागले. जाहिरात विभागाला ते आवडलं नाही, कारण शालीच्या फोटोत प्रायोजकाचा फलक नीट येतो.

माइकबद्दल मात्र नीट ऐक, सगळा मेळावा त्यावर उभा असतो. आपल्याकडं लोकांना ऐकायची सवय फार जुनी आहे. पुण्यात वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, तेव्हापासून मराठी माणूस दीड दीड तास मांडी न मोडता व्याख्यान ऐकतो. पण वर्तमानपत्राच्या मेळाव्याला तो ऐकायला येत नाही, सांगायला येतो. आपण त्याला बोलावतो ‘आपल्या समस्या मांडा’ म्हणून, आणि मग त्याच्यासमोर पाहुण्यांची चार भाषणं वाढून ठेवतो. म्हणून पाहुण्यांना आधीच सांग, की प्रास्ताविक 5 मिनिटं, मग थेट लोक. दोन कॉर्डलेस माइक घे आणि सेल नवे घाल. माइक लोकांच्या हातात देऊ नकोस, तूच धरून त्यांच्या तोंडाशी ने. हातात गेलेला माइक परत येत नाही. आधी प्रश्न, मग आत्मचरित्र, मग स्वतः केलेली कविता. आणि जे उभं राहून बोलणार नाहीत त्यांच्यासाठी दारातच कोरे कागद आणि पेन्सिली ठेव. पेनं जातात, पेन्सिली राहतात. चिठ्ठीवर नाव सक्तीचं करू नकोस, फक्त गल्लीचं नाव लिहायला सांग.

त्या चिठ्ठ्यांची किंमत मला 2005 च्या महापुरानंतर कळली. सांगलीत पाणी ओसरल्यावर महिनाभरानं आम्ही पूरग्रस्त आणि अधिकारी यांना समोरासमोर बसवलं. साहेब तयारीनं आले होते. धरणातून किती विसर्ग, किती क्युसेक, सगळे आकडे पाठ. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, हेसुद्धा त्यांनी समजावलं. लोक गप्प. मग एक चिठ्ठी वाचली गेली: ‘आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं म्हणजे आमच्या गल्लीत पाणी येतं?’ साहेबांनी पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, असं सांगितलं. तेवढ्यात मागून एक आजी उठल्या. म्हणाल्या, “ते पुलाचं झालं. माझ्या उंबऱ्याचं सांगा.”

उत्तर मंचावर कुणाकडंच नव्हतं. सभागृहात होतं. एकानं सांगितलं, आमच्याकडं अमुक फुटाला गटारातून उलटं पाणी येतं. दुसरा म्हणाला, आमच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर खूण आहे. मी निवेदिकेला बसवलं, फळा मागवला आणि लोक सांगतील तसं मांडत गेले: इतक्या फुटाला ही गल्ली, इतक्याला तो रस्ता. साहेब स्वतः खाली उतरून वहीत लिहून घ्यायला लागले. पुढं त्या खुणा आमच्या बातमीदारांनी फिरून तपासल्या आणि मग यादी पानावर लागली. कात्रण कित्येक घरांत देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेलं मी पाहिलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि त्या यादीच्याही पुढं गेलं, हे खरं. पण खालच्या गल्ल्यांतल्या दोनचार घरांनी मला नंतर सांगितलं, की कात्रण बघून आम्ही आदल्या रात्रीच सामान हलवलं.

तर अधिकारी बोलावताना सगळ्यात मोठा साहेब बोलावू नकोस. मोठा साहेब ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतो. ज्याच्या हाताखाली तो रस्ता किंवा ती मोटार आहे तो शाखा अभियंता बोलाव. पत्र स्वतः कार्यालयात नेऊन दे आणि पोच घे. तोंडी आमंत्रण दिलंस, तर त्या दिवशी नेमकी त्यांची ‘तातडीची बैठक’ निघते. पोच असली की नाही आले तरी तीच बातमी होते.

पैशांचं बोलायला हवं. प्रायोजकाशिवाय मंडप उभा राहत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त आपण कुणाकडून काय घेतोय ते बघ. एका वर्षी दहावीच्या गुणवंतांच्या सत्काराला एका खासगी क्लासनं सगळा खर्च उचलला. पुढच्याच महिन्यात त्या क्लासच्या फीबद्दल पालकांची तक्रार आली. बातमी माझ्याच टेबलावर होती. ती आठ दिवस ‘तपासायला’ राहिली आणि मग आतल्या पानावर सहा ओळींत, क्लासचं नाव न घालता लागली. तो पालक मला मंडईत भेटला तर ओळख दाखवत नाही. त्यानंतर मी एकच अट घालायला शिकले: बॅनरवर प्रायोजकाचं नाव किती मोठं छापायचं ते तुम्ही ठरवा, पण निमंत्रितांची यादी आणि प्रश्न वार्ता विभाग ठरवणार. हे जाहिरात विभागाकडून ईमेलवर घे, तोंडी नको. मदतनिधी गोळा करायची वेळ आली तर रोख पेटी फिरवू नकोस. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमाची पद्धत बघ. गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख करून देतात आणि वाचक त्या संस्थेच्या नावानंच धनादेश काढतात. हिशेबाची कटकट राहत नाही आणि संशयालाही जागा नाही.

मुलांच्या कार्यक्रमाला एकच नियम: नाव मुलाकडून, त्याच्याच अक्षरात लिहून घे. शाळेची टाइप केलेली यादी चुकीची असते. आडनाव चुकलेलं प्रमाणपत्र घरात भिंतीवर वीस वर्षं टांगलेलं राहतं आणि दर वेळी तुझ्या पेपरचा उद्धार होतो. चित्रकला स्पर्धेला कागद आपण द्यायचा, मागं शिक्का मारून, आणि पालकांना दोरीच्या बाहेर उभं करायचं. सहा वर्षांच्या पोराच्या चित्रात सूर्यास्ताच्या छटा दिसल्या, की समजायचं बाबांचा ब्रश फिरलाय.

6 जानेवारीचा मात्र मला कंटाळा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली त्या दिवशी ‘दर्पण’ काढलं म्हणून आपण पत्रकार दिन करतो. तसबिरीला हार, पत्रकारांनी पत्रकारांचे सत्कार, मग जेवण. वाचक एकही नसतो. तुझ्या हातात असेल तर त्या दिवशी दहा वाचक बोलाव आणि त्यांना विचार, वर्षभरात आमचं काय चुकलं. पहिल्या वर्षी संपादक कुरकुरतील.

हळदीकुंकवाचं जरा अवघड आहे. ‘लोकमत’चा सखी मंच गावोगाव भरायला लागला तेव्हा आमच्या कार्यालयात धाबं दणाणलं होतं, आणि ‘तुम्हीही बायकांचं काहीतरी करा’ असं मला फर्मान आलं. संक्रांत ते रथसप्तमी एवढेच दिवस हाताशी. मी हॉल घेतला, वाण आणलं. दारात एक शिक्षिका थबकल्या. आदल्या वर्षी नवरा वारलेला. म्हणाल्या, “मी मागं बसते, कुंकवाच्या वेळी बाहेर जाईन.” त्या आपल्या पेपरच्या रोजच्या वाचक, पत्रं लिहिणाऱ्या. पुढच्या वर्षीपासून मी पत्रिकेवरचा शब्द बदलून ‘तिळगूळ भेट’ केला, आणि दारात हळदकुंकवाऐवजी तिळगूळ आणि गजरा, येईल तिला. दोन मोठ्या घरच्या बायका परत गेल्या. गेल्या तर गेल्या.

चहा आधी दे, नंतर ठेवलास तर लोक चहाकडं बघत प्रश्न विचारतात. आणि दुसऱ्या दिवसाच्या बातमीत ‘मेळाव्यास उत्स्फूर्त प्रतिसाद’ हे शब्द नकोत. उपस्थित मान्यवरांची अर्ध्या कॉलमची यादी तर नकोच. प्रश्न छाप, गल्लीच्या नावासकट. कुणी काय कबूल केलं ते तारखेसकट छाप. मग कॅलेंडरवर 15 दिवसांनंतरच्या चौकोनात खूण कर, आणि त्या दिवशी तो खड्डा, ती गटार, तो दिव्याचा खांब बघून ये. काम झालं असेल तरी छाप, नसेल तर फोटोसकट छाप. आम्ही पहिल्या तीन मेळाव्यांनंतर हे केलं नाही. चौथ्याला निम्मे लोक आले, आणि त्यातले बरेच फुकटच्या दिनदर्शिकेसाठी.

शेवटी खुर्च्या मोजून मंडपवाल्याच्या ताब्यात दे, पावतीवर सही घे, तू हॉलमधून सगळ्यात शेवटी नीघ. लोक पांगतात, पण एखादा माणूस चपला शोधायचं निमित्त करून दारापाशी घुटमळतो. एखादी बाई लेकराला पाणी पाजत उगीच थांबते. अशा माणसाला काहीतरी सांगायचं असतं, जे माइकवर सांगता येत नाही: शाळेतल्या खिचडीचं, रेशन दुकानातल्या मापाचं, घरातलंसुद्धा. तू धावत जाऊन वही काढू नकोस. बॅनरची दोरी सोडत राहा, गाठ सुटत नाहीये असं दाखव, आणि “जरा हे टोक धरता का?” म्हणून त्याला जवळ बोलाव.