दिवा लागतो, चाकं फिरत नाहीत

फोर बाय फोर गाडी दोन तऱ्हांनी खराब होते: वापरून आणि न वापरून. जुनी गाडी बघायला जाणारे बहुतेक जण पहिल्याच तऱ्हेला घाबरतात. 'चिखलात घातलेली नाही ना?' हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि 'छे हो, फक्त हायवेला चालवली' हे विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर. ते ऐकून घेणारा खूश होतो. मी मात्र हल्ली ते ऐकलं की जास्त बारकाईने बघायला लागतो.

याला कारण माझ्या आतेभावाची गाडी. संगमेश्वर तालुक्यात त्याची काजूची बाग आहे. बागेकडे जाणारा शेवटचा चढ म्हणजे कातळ, लाल माती आणि पावसाळ्यात त्यावरून वाहणारं पाणी. त्याने पुण्यातल्या एका गृहस्थांकडून डिझेल फोर बाय फोर घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. रंग चकचकीत, सर्व्हिसिंगची बिलं फाइलला लावलेली, खालून एक ओरखडा नाही. जूनमध्ये त्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्याने लिव्हर ओढली, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला, आणि पुढची चाकं ढिम्म. मी मागून ढकलत होतो, त्यामुळे चिखलाचा मोठा हिस्सा माझ्या अंगावर आला. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने टोचन करून गाडी वर नेली.

मेस्त्रीने खाली झोपून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पुढचा ॲक्सल जोडणाऱ्या यंत्रणेकडे इंजिनाचा व्हॅक्युम नेणाऱ्या रबरी नळ्या सुकून तडकल्या होत्या, आणि आतला सरकणारा भाग गंजाने बसला होता. गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी ट्रान्सफर केस आपलं काम करत होती. दिव्याचा स्विच तिथेच असल्याने दिवा इमानेइतबारे लागत होता. ताकद मात्र पुढच्या चाकांपर्यंत पोचत नव्हती. आधीच्या मालकांनी ती लिव्हर बहुधा कधी ओढलीच नसावी. म्हणजे ते गृहस्थ खोटंही बोलले नव्हते.

तेव्हा दिव्यावर विश्वास ठेवू नका. साध्या, लिव्हरवाल्या फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट जखडली जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, आणि जखडलेल्या गाडीला ते नीट जमत नाही. चाचणी याच गोष्टीची घ्यायची. मुरमाचं किंवा मातीचं मोकळं मैदान गाठा, डांबर नको. आधी टू व्हीलवर स्टिअरिंग पूर्ण वळवून एक संथ गिरकी घ्या. मग फोर हायमध्ये टाकून तशीच दुसरी. दुसऱ्या वेळी गाडी जड वाटली पाहिजे, अडखळली पाहिजे. दोन्ही गिरक्या सारख्याच हलक्या गेल्या, तर दिवा काहीही सांगो, पुढची चाकं मोकळी आहेत. याच गिरकीत पुढच्या चाकाकडून टक-टक आवाज आला तर ॲक्सलचे जॉइंट झिजलेत असं समजा. नंतर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर लो टाका. लिव्हर पडायला हवी आणि पडल्यावर तिथेच टिकायला हवी. पहिल्या गिअरमध्ये उतारावर ब्रेक न लावता सोडा आणि लिव्हरकडे लक्ष ठेवा. उतारावर लो आपोआप निसटत असेल तर आतल्या दातांनी पुष्कळ सोसलेलं असतं. काही जुन्या गाड्यांना पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचे हब असतात. ते फिरतात का, तेही पाहून घ्या.

डांबर नको म्हणालो त्यामागे कारण आहे. कोरड्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये गाडी पळवली की सगळ्या शाफ्टना पीळ बसतो आणि लिव्हर अडकून बसते. थोडं रिव्हर्स घेतलं की पीळ सुटतो. पण 'रस्त्याला पकड चांगली येते' म्हणून कायम फोर हायमध्ये चालवणारे महाभाग आहेत, आणि त्यांची गाडी तुमच्या वाट्याला येऊ शकते.

मुळात गाडी फोर बाय फोर आहे ना, ही खात्री हास्यास्पद वाटली तरी करावीच लागते. बोलेरो, स्कॉर्पिओ, डस्टर या बहुतेक दोनच चाकांवर चालणाऱ्या असतात. जानेवारी २०२३ पासून नवी थारसुद्धा फक्त मागच्या चाकांवर चालणारी मिळते आणि दिसायला ती जवळपास तशीच. मागे चिकटवलेला 'फोर बाय फोर'चा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. खाली वाकून पुढचा डिफरन्शियल आणि त्याच्याकडे जाणारा शाफ्ट डोळ्यांनी बघा.

आता वापरून खराब झालेल्या गाड्या. त्यांच्यात दगडाचे ओरखडे सगळ्यात कमी वाईट. खरा शत्रू पाणी. ओढ्यात शिरताना डिफरन्शियल तापलेला असतो, थंड पाण्यात एकदम निवतो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची बारीक नळी मातीने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून फिटरला दोन्ही डिफचे, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे नट काढून थोडं थोडं तेल बोटावर घ्यायला सांगा. तेल दुधाळ चहासारखं निघालं तर गाडी किती सुंदर आहे याचा विचार तिथेच थांबवा. विकणारा नट उघडू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. वाळूवर गाडी फिरवण्याची हौस दापोलीपासून गोव्यापर्यंत सगळीकडे आहे. ओल्या वाळूतलं मीठ चेसिसच्या पोकळ भागांत जाऊन बसतं आणि आतून खातं. बाहेरून ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं असलं की मला शंका येते. पेचकसाच्या मुठीने चेसिसवर ठोकत जा. ठणठणीत आवाज आला तर बरं, भद्द आला तर तिथे खरवडून बघा. पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा आणि ट्रान्सफर केसचे माउंटिंग, इथले वेल्डिंगचे जोड नीट निरखा. कंपनीचा जोड सरळ आणि एकसारखा असतो, गल्लीतला जोड बघताक्षणी कळतो.

जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर मी एक गोष्ट शिकलो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. गॅरेजवाले सीट धुतात, गालिचा बदलतात, पण गुंडाळीत आत राहिलेला पट्टा बहुतेक विसरतात. त्यावर गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या बोल्टांचा गंजही बोलका असतो.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. साध्या गाडीत दोनच टायर बदलण्याचा कंजूषपणा खपतो. फोर बाय फोरमध्ये पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या घेराचे असले की तो फरक ट्रान्सफर केस सोसते. टायरभोवती टेप धरून मोजायला काही मिनिटं पुरतात. गाडी उंच केलेली असेल तर ती भरधाव चालवून पाहा. प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडले की ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात.

या उंच केलेल्या गाड्यांचा कायद्याशीही संबंध येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. मोठे टायर, पुढचे लोखंडी बंपर लावलेली गाडी फिटनेसला किंवा अपघाताच्या क्लेमला अडली तर मागचा मालक यायचा नाही. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं तर अगदी सर्रास. ती नोंद आरसीवर आहे का? कागदावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर धातूवर कोरलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहा, घासून पुन्हा कोरल्याची खूण आहे का तेही बघा. 'लष्कराच्या लिलावातली जिप्सी' म्हणून भाव वाढवून सांगणाऱ्याकडे लिलावाची मूळ कागदपत्रं मागा. अशा वेळी पुष्कळांना एकाएकी घरी जायची घाई होते.

दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त मिळते. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर तिथे आलेली बंधनं हे त्याचं मोठं कारण. गाडी चांगलीही असू शकते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर, पुन्हा नोंदणी आणि त्यापायी होणाऱ्या खेपा हे सगळं किमतीत धरल्याशिवाय विसार देऊ नका. कर्जावरची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच बाकीचे पैसे.

गाडी बघायला जाताना सकाळची वेळ मागून घ्या आणि आधी सुरू करून ठेवू नका असं बजावून सांगा. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना येणारा धूर तुमच्यापासून लपवला गेलाय. सोबत त्या जातीच्या गाड्या रोज उघडणारा फिटर असावा, शोरूममधला मित्र नव्हे. त्याची दिवसभराची मजुरी द्या, गाडी घेतली नाही तरी द्या, म्हणजे तो 'घ्या' म्हणायला बांधील राहत नाही. त्याने काढलेल्या दुरुस्त्यांचा हिशेब कागदावर मांडा आणि तो आकडा सांगितलेल्या किमतीतून वजा करून बोलणी सुरू करा. सगळीकडची तेलं आणि सील बदलण्याचा खर्च त्यात धराच, कारण मागच्या मालकाने ती कधी बदलली हे कोणालाच आठवत नसतं.

आतेभावाच्या गाडीचं काम झालं. आता तो महिन्यातून एकदा उन्हाळ्यातसुद्धा बागेतल्या मातीवर फोर व्हील टाकून चक्कर मारतो, लोसकट. बायको त्याला पेट्रोलपंपाचा जावई म्हणते.