दोन पडदे आणि एक दोष



यंत्र बिघडलें म्हणजे आपण प्रथम कोणावर तरी रागावतों आणि मग नवें यंत्र आणण्याच्या गोष्टी बोलूं लागतों. बिघाड नक्की कोठें आहे हें शांतपणें पाहणें आपणांस सर्वांत शेवटीं सुचतें. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरीं असेंच घडलें. त्यांत चूक आमची होती, म्हणून ती हकीकत सांगण्याचा अधिकारही आमचाच आहे.

आमच्या घरीं एक डेस्कटॉप संगणक असून त्यास दोन पडदे, म्हणजे मॉनिटर, जोडलेले आहेत. आमचे ज्येष्ठ चिरंजीव वास्तुकलेचें शिक्षण घेतात. मुख्य पडद्यावर ते इमारतीचें त्रिमिति चित्र फिरवून पाहतात व दुसऱ्यावर मोजमापें उघडून ठेवतात. दहावींतील कन्या त्याच संगणकावर गणिताचे पाठ पाहते. दिवाळी झाली आणि चित्र अडखळूं लागलें. तें फिरवावयास जावें, तों धक्के खात सरके. दोनच दिवसांपूर्वीं कन्येनें पाठ पाहण्याचा एक नवा प्रोग्राम घातला होता. आम्हीं लागलीच तिजवर ठपका ठेवला. "बाबा, मी दुसऱ्या कशालाही हात लावला नाहीं," असें ती काकुळतीनें सांगत होती. पण आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं व तिला संगणकास शिवण्याची बंदी केली. एका दुकानदारानें दूरध्वनीवरूनच सांगितलें कीं, कार्ड जुनें झालें, नवें घ्या. खर्च वीस हजारांच्या घरांत जात होता.

आतां हें ग्राफिक्स कार्ड काय काम करतें तें पाहूं. साधारण पडद्यावर १९२० उभ्या व १०८० आडव्या ओळींत मिळून २०,७३,६०० बिंदू असतात. पडदा सेकंदास ६० वेळां नवें चित्र दाखवितो. ह्यालाच ६० हर्ट्झ म्हणतात. म्हणजे एका पडद्यासाठीं दर सेकंदास १२,४४,१६,००० बिंदूंचे रंग पुरवावे लागतात, आणि एका चित्रासाठीं सुमारें १६.७ मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्यांत नवें चित्र तयार न झाल्यास पडदा जुनेंच पुन्हां दाखवितो व डोळ्यास धक्का जाणवतो. पडदे दोन झाले म्हणजे हें काम दुप्पट होतें हें खरें. परंतु स्थिर पानें दाखविणें हें आजच्या कार्डास मुळींच जड नाहीं. तेव्हां "पडदे दोन आहेत म्हणून संगणक मंद आहे" एवढें उत्तर पुरेसें नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुष्कळ संगणकांच्या मुख्य प्रोसेसरमध्येंच चित्रें काढण्याचा एक लहान भाग असतो. पेटीच्या मागें, वरच्या बाजूस, मदरबोर्डाचे जे पोर्ट असतात, ते ह्या लहान भागाचे. स्वतंत्र कार्डाचे पोर्ट त्यांच्या खालीं, वेगळ्या पट्टीवर असतात. कित्येक संगणकांत कार्ड बसविल्यावर वरचे पोर्ट बंद पडतात. कित्येकांत दोन्ही चालू राहतात. आमचा संगणक दुसऱ्या जातीचा होता.

पैसे मोजण्यापूर्वीं एकदां तपासावें, असें चिरंजीवांनींच सुचविलें. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें कामगिरीचें जें पान असतें, तें उघडून त्यांनीं चित्र फिरवून पाहिलें. तेथें दोन जीपीयूंचीं नांवें होतीं. अंगभूत लहान भाग जवळजवळ शंभर टक्के राबत होता आणि मोठें कार्ड स्वस्थ बसलें होतें! आम्ही पेटीच्या मागें वांकून पाहतों, तों मुख्य पडद्याची केबल वरच्या पोर्टांत. ती तेथें कोणीं लाविली? दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं मेज ओढून सर्व केबली काढल्या व पुन्हां लाविल्या त्या आम्हींच. संगणक बंद करून केबल कार्डाच्या पोर्टांत घातली, आणि इमारत पूर्ववत् सुरळीत फिरूं लागली. नव्या कार्डाचा खर्च टळला. कन्येवरील खोट्या आरोपाचें ओझें मात्र तसेंच होतें. त्याच सायंकाळीं आम्हीं तिला सर्वांसमक्ष बोलावून तिची क्षमा मागितली.

असा प्रसंग आपल्या घरीं आल्यास पुढील क्रमानें तपास करावा.

पहिलें, दोन्ही केबली कार्डाच्याच पोर्टांत आहेत ना, हें पाहावें.

दुसरें, डिस्प्लेच्या सेटिंगमध्यें पडद्याचा रिफ्रेश रेट पाहावा. १४४ हर्ट्झचा पडदा पुष्कळदां ६० वरच राहून गेलेला असतो. ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा मोठा पडदा एचडीएमआय १.४ ह्या जुन्या प्रकारच्या पोर्टास जोडला, तर सेकंदास ३० चित्रेंच मिळतात व माउसचा बाण जड वाटतो. तेथें दोष पोर्टाचा असतो, कार्डाच्या बळाचा नव्हे.

तिसरें, दोन पडद्यांचे रिफ्रेश रेट निरनिराळे असतील, तर ते कांहीं काळ सारखे करून पाहावे. एकावर व्हिडिओ चालू असतां दुसऱ्यावरील चित्र अडखळणें, हा दोष २०२० सालच्या मे महिन्यांतील सुधारणेपूर्वींच्या विंडोज १० मध्यें विशेष दिसे. ह्या विषमतेचा आणखी एक परिणाम होतो. काम नसतां कार्ड आपल्या मेमरीचा वेग उतरवितें. परंतु कित्येक कार्डांना हा बदल दोन चित्रांमधील अल्प विश्रांतींतच करतां येतो. दोन पडद्यांच्या विश्रांती जुळल्या नाहींत, तर वेग चढाच राहतो, आणि संगणक रिकामा असूनही पंखा घरघरत राहतो.

चौथें, धूळ. कार्ड फार तापलें म्हणजे स्वतःच्या रक्षणासाठीं आपला वेग आपणच कमी करतें. संगणक बंद करून, प्लग काढून, वडील मंडळींच्या देखत धूळ साफ करावी. हवेचा झोत मारतांना पंखा बोटानें धरून ठेवावा.

पांचवें, ड्रायव्हर. दोष ड्रायव्हर बदलल्यानंतर उद्भवला असेल, तर आधींच्या ड्रायव्हरवर परत जावें. नसेल, तर कार्ड करणाऱ्या कंपनीकडील नवा ड्रायव्हर स्वच्छपणें घालावा.

हें सर्व करतांना एक नियम कधींही मोडूं नये: एका वेळीं एकच बदल करावा, प्रत्येक वेळीं तेंच चित्र फिरवून पाहावें आणि परिणाम वहींत लिहावा. दोन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर तो कशानें गेला हें कधींच कळत नाहीं. इतकें करूनही खुद्द कार्डच शंभर टक्के राबत असेल व तापमान योग्य असेल, तर मात्र काम कार्डाच्या शक्तीपलीकडचें आहे असें समजावें. नव्या कार्डाचा विचार त्यानंतर.

कुसळाची आणि मुसळाची म्हण आपण बाळपणापासून ऐकत आलों आहों. ती आम्हांस खऱ्या अर्थानें कळली, ती मेजामागें गुडघे टेकून एक केबल पाहिली तेव्हां. विद्यार्थ्यांनीं ह्यावरून तपासाची रीत घ्यावी. आणि पालकबंधुभगिनींनीं, मुलांस दोष देण्यापूर्वीं, एकदां पेटीच्या मागें पाहावें, इतकीच विनंती.