सायकलचे कोळपे

मुलांनो, पावसाळ्यात आपल्या औसा तालुक्यातील शेते सोयाबीन आणि तुरीने हिरवीगार होतात. पण पिकाबरोबर तणही वाढते. ते पिकाच्या वाटचे पाणी आणि खत शोषून घेते. म्हणून पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, पावसाने उघडीप देताच, शेतकरी कोळपणी करतो. कोळपे ओढायला बैल लागतात. ज्याच्या दावणीला बैल नाहीत, त्याने काय करावे? दुसऱ्याचे बैल मिळेपर्यंत तण माजते.

हाच प्रश्न जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे लहान शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांच्यापुढे होता. बैलजोडी त्यांना परवडत नव्हती. एकदा त्यांनी सायकलवर जड ओझे लादून चढ चढणारा माणूस पाहिला आणि त्यांना एक कल्पना सुचली. त्यांनी सायकलचे पुढचे चाक व हँडल घेतले आणि त्यांना कोळपे जोडले. हँडल धरून ढकलले की चाक फिरते आणि कोळप्याची पास तणाची मुळे कापत जाते. या अवजाराचे नाव 'कृषिराजा'. त्याला डिझेल लागत नाही आणि चाराही लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही अम्मी एखादे काम रोज कष्टाने करत असेल. आज ते काम लक्ष देऊन पाहा. तिचा हात कुठे अवघडतो? तिला कितीदा वाकावे लागते? तिलाच विचारा. मग घरातील अडगळ धुंडाळा. कदाचित तिची अडचण दूर करणारी वस्तू तिथेच पडलेली असेल.