घरातील इंटरनेटचा ताळेबंद

शिर्डी येथील श्री साईबाबांच्या समाधी मंदिरात दररोज काकड आरती, माध्यान्ह आरती, धूपारती आणि शेजारती अशा चार आरत्या होतात. श्री साईबाबा संस्थानाने इंटरनेटवरून थेट दर्शनाची सोय केलेली असल्याने दूरगावचा भाविक आता घरबसल्या या आरत्या पाहू शकतो. ज्यांना रांगेत उभे राहणे जमत नाही अशा शिर्डीतील व पंचक्रोशीतील वृद्धांनाही ही सोय मोलाची आहे. परंतु आरती आटोपल्यानंतरही मोबाइलचा पडदा तसाच चालू राहिला, तर दुपारपर्यंत त्या दिवसाचा डेटा संपून जातो. सायंकाळी त्याच घरातील दहावीच्या विद्यार्थिनीला गणिताचा पाठ उघडावयाचा असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत दाखला पाठवावयाचा असतो. तेव्हा पडद्यावर चक्र फिरत राहते आणि पाठ काही उघडत नाही.

असा प्रसंग आज कोणत्याही गावातील कोणत्याही घरात घडू शकतो. त्यात दोष दर्शनाचा नाही आणि अभ्यासाचाही नाही. उणीव असते ती हिशेबाची. मर्यादित वस्तू घरातील सर्वांना पुरवावयाची असेल, तर ती आधी मोजावी लागते आणि कोणाची गरज प्रथम हे ठरवावे लागते. इंटरनेटच्या वापरालाही हाच नियम लागू आहे.

मर्यादा कशी असते?

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट आपल्या देशात अतिशय स्वस्त झाले आणि ते खेड्यापाड्यांत पोहोचले. पुढे जुलै २०२४ मध्ये प्रमुख खाजगी कंपन्यांनी आपले दर वाढविले. त्यामुळे मिळालेला डेटा काटकसरीने वापरण्याचे महत्त्व पुन्हा वाढले आहे.

मोबाइलच्या पुष्कळशा योजनांत दररोज १, १.५ किंवा २ गिगाबाइट अशी मर्यादा असते. घरी तारेने किंवा फायबरने येणाऱ्या जोडणीस बहुधा महिन्याची मर्यादा असते. मर्यादा संपली की अनेक योजनांत सेवा बंद पडत नाही, पण वेग फार कमी होतो. अनेक मोबाइल योजनांत तो सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. या वेगाने १ मेगाबाइट माहिती उतरण्यास १२५ सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ५ मेगाबाइटचे कागदपत्र पाठविण्यास दहा मिनिटे पुरत नाहीत. अर्जाची मुदत त्याच रात्री संपत असेल, तर या दहा मिनिटांची किंमत मोठी ठरते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अनेक योजनांचा ‘महिना’ २८ दिवसांचा असतो. त्यामुळे वर्षातून १२ नव्हे, तर १३ वेळा रिचार्ज करावा लागतो. ग्राहकांच्या तक्रारी लक्षात घेऊन भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची किमान एक योजना, तसेच दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी एक योजना ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. घराचा खर्च मासिक पगारावर चालत असेल, तर अशा योजनेची चौकशी करणे हिताचे ठरते.

हिवरे बाजारचा धडा

मर्यादित साधनाचे वाटप कसे करावे याचा उत्तम पाठ अहिल्यानगर जिल्ह्यानेच घालून दिला आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे एके काळचे दुष्काळी गाव श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पुढे आले. तेथे पावसाचे मोजमाप करून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यात येतो. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी राखून ठेवतात. उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावयाची हे त्यानंतर ठरते. ऊस, केळी यांसारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकांना तेथे मज्जाव करण्यात आला आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घालण्यात आली.

या पद्धतीतील तीन पायऱ्या घरातील डेटालाही लागू पडतात. प्रथम मोजमाप करावे. नंतर अत्यावश्यक गरजा राखून ठेवाव्या. शेवटी सर्वांत अधिक खाणारा वापर शोधून त्यालाच आळा घालावा.

एक सोपे गणित

डेटाचा वापर मोजण्याचे सूत्र शाळेतील मुलांनाही सहज समजेल असे आहे. वेग बिटमध्ये सांगतात आणि साठा बाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून सेकंदाला १ मेगाबिट या दराने एक तास माहिती येत राहिली, तर ३,६०० भागिले ८, म्हणजे ४५० मेगाबाइट डेटा खर्च होतो.

चलचित्राचा दर्जा मोबाइलवर आकड्यांनी दर्शविलेला असतो. ४८० या दर्जाच्या चित्रास सेकंदाला साधारणतः १ मेगाबिट लागतो, म्हणजे तासाला सुमारे ४५० मेगाबाइट. ७२० या दर्जास सुमारे अडीच मेगाबिट, म्हणजे तासाला १,१२५ मेगाबाइट लागतात. १०८० या दर्जास सुमारे ५ मेगाबिट, म्हणजे तासाला २,२५० मेगाबाइट खर्च होतात. केवळ ध्वनी ऐकावयाचा असेल, तर १२८ किलोबिटच्या दराने तासाला ५८ मेगाबाइटही लागत नाहीत.

या आकड्यांवरून दीड गिगाबाइटचे काय होते ते स्पष्ट दिसते. ४८० च्या दर्जाने तो तीन तास वीस मिनिटे पुरतो. १०८० च्या दर्जाने तो चाळीस मिनिटांत संपतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर या दोन दर्जांतील फरक फारसा जाणवतही नाही.

लिखित मजकुराचा खर्च मात्र नगण्य असतो. संगणकातील प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सामान्यतः ३ बाइट लागतात. हजार चिन्हांची सूचना ३ किलोबाइटमध्ये मावते. १ मेगाबाइटमध्ये अशा तीनशेहून अधिक सूचना पाठविता येतात.

यातून मुख्य निष्कर्ष निघतो. संदेश, पैशांचे व्यवहार, सातबारा उतारा, ई-पीक पाहणी, दाखल्यांचे अर्ज ही सारी ज्वारी-बाजरीसारखी थोड्या पाण्यावर येणारी कामे आहेत. त्यांत काटकसर करून काही साधत नाही. घरातील डेटाचा ऊस म्हणजे उच्च दर्जाचे आणि आपोआप चालू राहणारे चलचित्र होय. बचत करावयाची ती तेथेच.

दिवसाचे अंदाजपत्रक

समजा, एका कुटुंबास दिवसाला १,५०० मेगाबाइट मिळतात आणि ते सर्वजण एकाच मोबाइलवरून वापरतात. त्याची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल. एक तासाच्या अभ्यासपाठास ४५० मेगाबाइट, एक तासाच्या आरती-दर्शनास ४५० मेगाबाइट, संदेश, व्यवहार व अर्ज यांना १५० मेगाबाइट, बातम्या व नातेवाइकांशी बोलणे यांसाठी १५० मेगाबाइट, आणि करमणुकीस ३०० मेगाबाइट. या शेवटच्या ३०० मेगाबाइटमध्ये कमी दर्जाचे, सेकंदाला अर्धा मेगाबिट लागणारे चलचित्र एक तास वीस मिनिटे पाहता येते. कोणाचीच गरज डावलली गेलेली नाही, हे या अंदाजपत्रकाचे वैशिष्ट्य आहे. आजोबांची आरती राहिली आणि नातीचा पाठही राहिला. आरतीनंतर पडदा बंद करणे एवढेच पथ्य पाळावे लागले.

घरात करावयाची कामे

१. मोबाइलच्या ‘सेटिंग’मध्ये डेटा वापराची नोंद असते. कोणत्या अॅपने किती डेटा घेतला हे तेथे दिसते. आठवडाभर ही नोंद वहीत उतरवून घ्यावी. तेथेच योजनेची आरंभतारीख भरून इशाऱ्याची व थांबण्याची मर्यादा ठरविता येते.

२. चलचित्राचा दर्जा स्वतः निवडून ४८० किंवा त्याहून कमी ठेवावा. एक संपताच दुसरे आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी.

३. व्हॉट्सअॅपवरील छायाचित्रे व चलचित्रे आपोआप उतरवून घेणे बंद ठेवावे. हवे ते बोट लावून उघडता येते.

४. अॅपची नवी आवृत्ती उतरविणे व छायाचित्रांची प्रत दूरच्या साठ्यात ठेवणे ही कामे मोबाइल पाठीमागे आपोआप करीत असतो. वाय-फाय मिळाले की मोबाइल ते अमर्याद समजतो. घरातील वाय-फायलाच मर्यादा असेल, किंवा ते दुसऱ्या मोबाइलवरून घेतलेले असेल, तर ती जोडणी ‘मीटर असलेली’ म्हणून नोंदवावी. तशी सोय अँड्रॉइड मोबाइलमध्ये व विंडोज संगणकात आहे.

५. जे पुनःपुन्हा पाहावयाचे, ते एकदाच उतरवून ठेवावे. ‘दीक्षा’ अॅपवरील पाठ्यसाहित्य असे साठवून नंतर इंटरनेटशिवाय पाहता येते. एकच पाठ दोन भावंडांनी पाहिला तरी खर्च एकदाच होतो. शिर्डीहून शनिशिंगणापूर, नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर अशा ठरलेल्या फेऱ्या करणाऱ्या वाहनचालकांना नकाशेही याच रीतीने साठवून ठेवता येतात.

यात्रेच्या गावातील विशेष प्रश्न

शिर्डीसारख्या गावात घर आणि व्यवसाय पुष्कळदा एकाच जोडणीवर चालतात. त्यामुळे दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली म्हणजे पाहुण्यांना दिलेला वाय-फायचा संकेतशब्द. तो एकदा दिला की वर्षभर हस्ते परहस्ते फिरत राहतो. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळी जोडणी उघडण्याची सोय असते. तिचा संकेतशब्द वरचेवर बदलावा.

दुसरी गोष्ट म्हणजे देखरेखीचे कॅमेरे. दुकानातील कॅमेरा आपले चित्र अखंड दूरच्या साठ्याकडे पाठवीत असेल आणि त्याचा दर सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर दिवसाला १०.८ गिगाबाइट आणि ३० दिवसांत ३२४ गिगाबाइट डेटा खर्च होतो. असे दोन-तीन कॅमेरे महिन्याची मर्यादा कोणाच्याही नकळत ओढून नेतात. चित्रण जागेवरील यंत्रात साठवावे आणि आवश्यक तेव्हाच दुरून पाहावे, हा यावरील सोपा उपाय आहे.

शाळा आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी

डेटाचा खर्च पाठविणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यांना मिळून अधिक पडतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गावाच्या गटात २०० सभासद असतील आणि १० मेगाबाइटचे एक चलचित्र सर्वांनी उघडले, तर गावाचा २ गिगाबाइट डेटा खर्ची पडतो. तीच सूचना टंकलिखित मजकुरात दिली, तर २०० जणांचा मिळून १ मेगाबाइटही खर्च होत नाही. म्हणून ग्रामसभेची सूचना, लसीकरणाची तारीख, पाणी सुटण्याची वेळ या बाबी मजकुराच्या रूपानेच पाठविणे इष्ट होय.

शिक्षकांना याचा अनुभव २०२० मध्ये आला. टाळेबंदीत शाळा बंद असताना अभ्यास मोबाइलवर आला आणि एकाच मोबाइलवर अवलंबून असलेल्या घरांची अडचण उघड झाली. त्याच वर्षी मार्चअखेरीस देशातील प्रमुख चलचित्र कंपन्यांनी मोबाइल जाळ्यावरील ताण कमी करण्यासाठी चित्राचा दर्जा ४८० पर्यंत खाली आणण्याचे ठरविले होते. संपूर्ण देशाला जे करावे लागले, ते वर्गशिक्षक आपल्या वर्गापुरते आजही करू शकतात. अर्ध्या तासाच्या चलचित्राऐवजी दोन पानांचे टिपण आणि दहा मिनिटांचा ध्वनिमुद्रित खुलासा अनेक विषयांत पुरेसा होतो. चलचित्र आवश्यकच असेल, तर ते शाळेत एकदा उतरवून सर्वांना एकत्र दाखवावे.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या कार्यालयात ही जोडणी चालू आहे, तेथे विद्यार्थ्यांना ठरावीक वेळी पाठ्यसाहित्य उतरवून घेऊ देता येईल. त्यासाठी ठराव, वेळापत्रक आणि देखरेखीस एक जबाबदार व्यक्ती एवढीच तयारी लागते. वरील गणित शाळेत शिकविले आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा आठवड्याचा ताळेबंद मांडून आणला, तर गणिताचा सराव होईल आणि घरातही या विषयाची चर्चा सुरू होईल.

राहाता व कोपरगाव भागातील शेतकऱ्यास गोदावरी कालव्याच्या आवर्तनाची सवय आहे. पाणी केव्हा सुटणार, पाळी कोणाची आणि ते कोणत्या पिकास द्यावयाचे, याचा विचार तो आधीच करून ठेवतो. मोबाइलमधील डेटा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा असा विचार होत नाही. तो मोजून दाखविला की घरातील माणसे आपोआप पाळी ठरवितात. आरतीच्या वेळी आरती आणि अभ्यासाच्या वेळी अभ्यास एवढा क्रम घरात लागला, तर आहे ती मर्यादा पुष्कळ कुटुंबांना पुरेशी होईल आणि सायंकाळी पाठ उघडणाऱ्या विद्यार्थिनीला थांबून राहावे लागणार नाही.