वत्सगुल्माचे वाडे गेले कुठे?

प्रश्न : वाशिम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, असं शाळेपासून ऐकत आलो. मग अजिंठ्यासारखं लेणं, निदान त्या काळचं एखादं देऊळ तरी गावात का नाही? जुनं म्हणून दाखवतात ते एकतर हेमाडपंती, नाहीतर बालाजी मंदिरासारखं अठराव्या शतकातलं.
– एक वाचक, वाशिम

उत्तर : शंका रास्त आहे, पण वत्सगुल्माच्या दरबाराचं सर्वांत देखणं काम अजिंठ्यातच आहे. तिथलं सोळावं लेणं हरिषेण राजाचा सचिव वराहदेव यानं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात भिक्षुसंघासाठी कोरवून घेतलं. त्यातल्या शिलालेखात वत्सगुल्म शाखेचीच वंशावळ आहे. लेण्याला उभा कातळकडा लागतो. तो वाघूर नदीच्या वळणावर सापडला, राजधानीच्या दारात नव्हता.

राजधानीतले वाडे लाकूड, वीट आणि मातीचे असणार. ही रीत विदर्भात वाकाटकांहूनही जुनी. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. ती थडगी. दगड मेलेल्यांच्या वाट्याला आला, जिती माणसं कुडामातीच्या घरांत राहिली. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या मुलखात, रामटेकजवळ मनसरला, उत्खननात विटांचं मोठं बांधकाम उघडं पडलं. वाशिम मात्र नांदतं गाव. इथं जुन्या पायावर नवी भिंत चढते, आणि पडक्या इमारतीची धड वीट कोण वाया जाऊ देतो?

तरीही त्या वाड्यांचा अंदाज घेता येतो. सोळाव्या लेण्यात शिरलात की चित्रांकडे धावण्याआधी मान वर करा. पुढच्या बाजूच्या छतात तुळया आणि वासे कोरले आहेत, आणि त्यांची टोकं बुटके, ढेरपोटे गण तोलून धरतात. अखंड कातळात तुळईची गरजच काय? पण पाथरवटाच्या डोळ्यासमोर घर होतं ते लाकडी. भित्तिचित्रांतले राजवाडेही तसेच, सडपातळ खांबांवर उभे असलेले मंडप. माझ्या मते वत्सगुल्म कसं दिसत असेल याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता हेमाडपंतीविषयी. तुमच्या जिल्ह्यात शिरपूरला पवळीचं जैन मंदिर आहे, शेजारच्या बुलढाण्यात लोणारचं दैत्यसूदन. चुन्याशिवाय दगडात दगड बसवायचा, खांब कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल करत न्यायचा, भिंतीला इतके कोन काढायचे की उन्हासावलीचे उभे पट्टे पडावेत, ही या बांधणीची खूण. हेमाद्री हा यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. अंबरनाथचं शिवमंदिर मात्र 1060 सालचं, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं, आणि घडण याच जातीची. मंत्र्याचं नाव शैलीला चिकटलं, एवढंच. त्यामुळे गावोगावच्या फलकांवरचं ‘हेमाडपंती’ वाचून शतक ठरवू नका.

आणि वाशिमच्याच परिसरातलं वाकाटकांचं काही हवं असेल, तर दोन गोष्टी आहेत. एक, दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट. तो वत्सगुल्माहूनच दिलेला, आणि 1939 मध्ये वाशिमलाच मिळाला. दुसरी, हिस्से बोराळ्याचा शिलालेख, शक 380 म्हणजे इसवी सन 458 चा. हरिषेणाचा बाप देवसेन याच्या अमलात, स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्यानं सुदर्शन नावाचा तलाव बांधवला, अशी त्यात नोंद आहे. गंमत म्हणजे गिरनारच्या पायथ्याचा मूळ सुदर्शन तलाव फुटून पुन्हा बांधला गेला तो याच सुमारास, स्कंदगुप्ताच्या काळात. ती बातमी व्यापाऱ्यांबरोबर इकडे आली असावी आणि नावही तिच्याबरोबरच आलं असावं, असा माझा तर्क आहे.