किल्ल्या हातात आल्या, आता घाबरू नकोस

परवा रात्री फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला ग्रंथपाल म्हणून माझा पहिला आठवडा आठवला. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, चार्ज-यादीचे कागद, ऑडिटचे जुने आक्षेप आणि दाराशी ताटकळलेली मुलं. "ताई, सुरुवात कुठून करू?" असं तू तीनदा विचारलंस. बघ, टेबलापासून सुरुवात करायचीच नाही. फायली दुपारनंतर. सकाळी दार उघडलं की ओढणी खोच आणि आधी एक फेरी मारून ये.

वाचनकक्षातले दिवे-पंखे बघ, पिण्याचं पाणी बघ. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः आत जाऊन बघ, कुणाला पाठवू नकोस. मुली त्याबद्दल तक्रार करायला येत नाहीत गं, त्या दुपारीच घरी निघून जातात आणि आपण म्हणत बसतो की हल्ली वाचायला कोणी येत नाही. परीक्षा जवळ आल्या की खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरण्यावरून भांडणं होणार. जागा किती वेळ रिकामी राहिली की दुसऱ्याला द्यायची, ते आत्ताच ठरवून पाटीवर लाव. मग तो नियम एमपीएससीच्या मुलांनाही तोच आणि सरांच्या ओळखीच्यांनाही तोच.

पण फेरीतला खरा वेळ रॅकांसाठी ठेव. खरं सांगू का, ग्रंथालय चालवणं म्हणजे सगळ्यात आधी, परत आलेलं पुस्तक त्याच दिवशी त्याच्या जागी जाणं. बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. घरात हळदीचा डबा कोणी दुसऱ्या फळीवर ठेवला तर फोडणी जळेपर्यंत तो सापडत नाही. तुझ्याकडे तर लाखावर डबे आहेत. एक उदाहरण बघ. ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कथा-कादंबरी ८९१.४६३. पुस्तक लावणाऱ्याच्या हातून शेवटच्या दोन आकड्यांची उलटापालट झाली, की ती कादंबरी ८९१.४३६ ला, म्हणजे हिंदीतल्या पत्रवाङ्मयात जाऊन बसते. तिथे तिला शोधायला कोण जाणार? संगणक म्हणतो 'उपलब्ध', मुलगा म्हणतो 'नाही', आणि दोघंही खरं बोलत असतात. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. म्हणून रोज अर्धा तास, प्रत्येकाने आपापले दोन रॅक क्रमाने वाचायचे. तूही दोन घे. साहेब स्वतः रॅक लावतात हे दिसलं की बाकीच्यांना सांगावं लागत नाही.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, तेही ऐक. मी नवीन असताना एक मुलगी 'ना देय' प्रमाणपत्रासाठी आली. तिच्या नावावर एक पुस्तक दिसत होतं. ती म्हणाली, "मॅडम, मी परत केलंय." मी म्हटलं, "संगणकात नाही, म्हणजे केलेलं नाही." तीन खेपा घातल्या तिने, एसटीने, तालुक्याच्या गावाहून. शेवटी कुठूनतरी पैसे आणून तिने किंमत भरली आणि प्रमाणपत्र घेऊन गेली. दोन महिन्यांनी ते पुस्तक मला रॅकमध्ये सापडलं, अगदी त्याच्या जागी. परत घेताना आमच्याकडून स्कॅन राहिला होता. पैसे आम्ही परत पाठवले, पण त्या तीन खेपा मी कुठून परत देणार होते? ती माझी चूक आजही मला टोचते. तेव्हापासून माझा नियम एकच: विद्यार्थी 'दिलंय' म्हणाला की आधी आपण रॅक बघायचा, मग आजूबाजूचे दोन रॅक, मग दुरुस्तीचा गठ्ठा, आणि मगच तोंड उघडायचं. तू हा नियम पहिल्या दिवसापासून लाव.

आता तुझी मोठी भीती. पुस्तकं कमी निघाली तर पगारातून कापतील का? बघ, घाबरण्याआधी नियम वाच. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम २१५ ग्रंथालयांसाठीच आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, आणि पन्नास हजारांच्या वर तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. नमुन्यात गडबड दिसली तरच पूर्ण. आणि वर्षभरात दिलेल्या-वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं हे नियमानेच वाजवी धरलंय, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांहून महागाचं पुस्तक किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला, तर चौकशी होणारच. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा लेखासंहितेतला नियम असेल, तो लेखा विभागातून मागून घे आणि दोन्ही कागद एकाच फायलीत लाव. वाचकांना ग्रंथ मोकळेपणाने हाताळू दिले तर थोडे जाणारच, हे सरकारलाही मान्य आहे. तू उगाच रात्री जागू नकोस.

फक्त पडताळणी परीक्षेच्या तोंडावर काढू नकोस. मेच्या सुट्टीत, रॅकनिहाय, तुकड्यातुकड्याने कर. सगळं ग्रंथालय बंद ठेवायची गरज नसते.

आणि माणसं. निम्म्या जागा रिकाम्या, कंत्राटी मुलं दर अकरा महिन्यांनी बदलणार, हे तू सांगितलंस ते सगळीकडेच आहे. पण तुझ्याकडे ते जुने ग्रंथालय परिचर आहेत ना, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले? ते सोनं आहे गं. कोणत्या कपाटाला ओल येते, कोणत्या विभागाचे सर दहा-दहा पुस्तकं घरी ठेवतात, कोणत्या खोलीत पोथ्या बांधून ठेवल्यात, हे कुठल्याही संगणकात नाही. रोज चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बस. काका, हे असं का, ते तसं का, असं विचारत जा आणि वहीत लिहून ठेव. ते गेल्यावर ती वहीच तुझ्या उपयोगी पडेल.

पैशांचं थोडक्यात सांगते. खरेदी मार्चपर्यंत लांबवू नकोस. विभागांच्या याद्या जुलैतच माग, ऑर्डरआधी आपल्याकडे तीच आवृत्ती आहे का ते तपास, आणि बिल पुढे पाठवताना त्याच्या पाठीवर दाखल क्रमांक लिहिलेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ऑडिटवाले तिथेच बोट ठेवतात.

पावसाळ्याआधी गच्ची, खिडक्या आणि भिंतीला चिकटलेली कपाटं बघून घे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं तरी ओल आणि वाळवी दोन्हींपासून बरंच वाचतं. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नकोस, बांधणी वाकते. पंख्याखाली उभं करून थोड्या थोड्या पानांमध्ये टीपकागद घाल.

'कोहा' या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीची धास्ती घेतली आहेस, पण ते भल्या माणसांनी बांधलेलं काम आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते तयार झालं, २००० साली तिथे सुरू झालं आणि सगळ्यांना मोकळं दिलं. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, तीही आपल्या आहेरासारखी, परतफेडीची आठवण ठेवून दिलेली. तू फक्त रोजचा बॅकअप घेतला जातोय ना ते बघ, आणि त्याची एक प्रत इमारतीबाहेर ठेव. आणखी एक. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेत तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना खुली झाली आहेत. परिपत्रक फळ्यावर लावून काही होत नाही. एकेका संशोधक मुलाला शेजारी बसवून त्याच्याच विषयाचा एक लेख उघडून दे. पुढच्या आठवड्यात तो चौघांना घेऊन येतो.

आणि "माझा जीवच लागत नाहीये इथे" असं तू हळूच म्हणालीस, तेही मी ऐकलं. अगं, रंगनाथनांचंही असंच झालं होतं. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या एकांताला कंटाळून जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले, मला परत घ्या म्हणून. प्राचार्य म्हणाले, आधी लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं बघून या. ते गेले, त्यांनी बघितलं, आणि परतले ते ग्रंथालयाचे होऊनच. पुढे १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचा आहे. मला तो त्या एसटीने आलेल्या मुलीमुळे कळला.

तर उद्या सकाळी काकांना एवढंच विचार, की आपल्याकडे गुप्त पान कितवं. पहिलं पान फाटलं, पाठीवरची चिठ्ठी उडाली, तरी त्या ठरलेल्या पानावर दाखल क्रमांक असतो, आणि त्यावरून पुस्तक आपलं हे कळतं. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. मग ८९१.४६ पासून रॅक वाचायला लाग, आणि रात्री मला फोन कर. हिंदीच्या फळीवर किती मराठी कादंबऱ्या सापडल्या, ते मला ऐकायचंय.