कॉलेजात मूल अडचणीत सापडले, तर टेबलामागच्या माणसाने काय करावे?

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आज कॉलेजात आणि विद्यापीठात शिकत आहेत. त्याच वस्त्यांतली कितीतरी माणसे तिथे नोकरीलाही आहेत. कोणी शिपाई, कोणी क्लार्क, कोणी वॉचमन, कोणी मेसमध्ये, कोणी ग्रंथालयात, कोणी प्राध्यापक, कोणी वसतिगृहाचा रेक्टर. हा पाठ त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांचे मूल कॉलेजात आहे त्या घरांसाठीही आहे.

अडचणीत सापडलेले मूल आधी समुपदेशकाकडे जात नाही. ते फीच्या खिडकीवर येते, मेसमध्ये ताट पुढे करते, वर्गात मागच्या बाकावर बसते. म्हणून त्याची अडचण पहिल्यांदा दिसते ती शिपाईमामाला, मावशीला, क्लार्कला, सरांना. त्यांनी डॉक्टर व्हायचे नाही. पाहायचे, ऐकायचे आणि योग्य माणसापर्यंत सोबत जायचे, एवढेच त्यांचे काम. पण हे काम झाले नाही तर पुढची कोणतीही सोय मुलापर्यंत पोहोचत नाही.

अडचण कशी वाढते

समजा, महाडीबीटीवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी काढून परत आला. मेसेज जुन्या मोबाईल नंबरवर गेला, त्यामुळे मुलाला कळलेच नाही. मुदत गेली, फी बाकी राहिली. मुलगा रात्रपाळीला जाऊ लागला, सकाळचे तास बुडू लागले, दोन विषय राहिले. वडिलांनी कर्ज काढले आहे, म्हणून घरी सांगायची लाज. वर कोणीतरी म्हणाले, "कोट्यातून आलाय, असंच होणार." एका कागदापासून सुरू झालेली गोष्ट मुलाच्या मनावर अशी बसते.

यात औषधाचा भाग थोडा आहे. पहिल्याच टेबलावर कोणी तो कागद नीट पाहिला असता, तर पुढचे बरेचसे टळले असते.

कोणत्या खुणा दिसतात

नियमित येणारे मूल अचानक गैरहजर राहू लागते. मेसला येत नाही, किंवा एकच वेळ जेवते. अंघोळ, कपडे, झोप यांचे भान राहत नाही. मित्रांत मिसळत नाही. लहान कारणावरून चिडते किंवा रडते. "माझा घरच्यांना भारच आहे," "आता काही उपयोग नाही," असे बोलते. आवडत्या वस्तू वाटून टाकते. एखादी खूण दिसली म्हणजे आजारच आहे असे नाही. पण दोन-तीन खुणा एकत्र आणि आठवडाभर दिसल्या, तर विचारायलाच हवे.

बोलायचे कसे

चारचौघांत नको. बाजूला घ्या, बसवा, पाणी द्या. "काय रे बाळा, आठ दिवस दिसला नाहीस, जेवतोस ना वेळेवर?" एवढी सुरुवात पुरते. मग गप्प राहून ऐका. मध्येच उपदेश नको. "आमच्या वेळी तर चप्पल पण नव्हती," हे वाक्य खरे असले तरी त्या क्षणी दार बंद करणारे आहे. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हेही नको.

ऐकून झाल्यावर विचारा, "आत्ता सगळ्यात जास्त कशाचं अडलंय?" फीचे, खोलीचे, कोणाच्या त्रासाचे की आजाराचे, हे कळले की पुढची वाट ठरते. मुलाने सांगितलेले स्टाफरूममध्ये चघळू नका. ज्याला सांगणे गरजेचे आहे त्यालाच सांगा, आणि तेही मुलाला विचारून.

पुढच्या टेबलापर्यंत सोबत जा

"तिकडे जा, उद्या या," हे ऐकून ऐकून मूल यायचे बंद होते. शक्य असेल तर स्वतः उठून सोबत जा. नसेल तर फोन करा, चिठ्ठी द्या, कोणाला भेटायचे ते नाव लिहून द्या, आणि दोन दिवसांनी "काम झालं का?" म्हणून विचारा.

शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला असेल तर त्रुटी कोणती ते स्क्रीनवर दाखवा आणि शेवटची तारीख कागदावर लिहून द्या. प्राचार्यांकडे फीच्या हप्त्यांसाठी अर्ज करता येतो. राहायची सोय नसेल तर समाजकल्याणचे वसतिगृह आहे. तिथे प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे "कमवा व शिका" योजनेची चौकशी करा. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि तिने सोलापूरला वसतिगृह उघडले. डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी असल्याशिवाय शिक्षण टिकत नाही, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

जातीच्या त्रासाला "टेन्शन" म्हणू नका

"एस.सी.वाले उभे राहा," असे वर्गात म्हणून शिष्यवृत्तीची यादी वाचणे, प्रवेश परीक्षेतला रँक विचारून हिणवणे, प्रॅक्टिकलच्या गटात न घेणे, हा छळ आहे. असे मूल आले तर त्याला फक्त "मन शांत ठेव" म्हणून पाठवू नका. मनाचा आधारही द्या आणि तक्रारही लिहून घ्या. तारीख, ठिकाण, कोण काय बोलले, कोणासमोर बोलले, सगळे लिहा. पोच घ्यायला सांगा. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. रॅगिंगसाठी २४ तासांची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ आहे.

हैदराबाद विद्यापीठाचा रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याला वसतिगृहातून काढले होते आणि त्याची फेलोशिप थकली होती. मुंबईत डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आपली मुले परत येणार नाहीत हे माहीत असूनही, इतरांच्या मुलांसाठी कॉलेजांनी जबाबदारी घ्यावी, ही त्यांची मागणी होती.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. शिक्षक आणि शिक्षकेतर, अशा सर्वांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवे. वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभावाविना कसे वागावे, हेही त्यांना शिकवायला हवे. तुम्ही कॉलेजात कामाला असाल तर विचारा, "आमचं प्रशिक्षण कधी आहे?" पालक असाल तर विचारा, "समुपदेशक कोण, कुठल्या खोलीत बसतात?"

जिवाला धोका वाटला तर

सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. "कोणाला सांगू नका" म्हटले तरी तसे वचन देऊ नका. "तुझा जीव मोठा आहे, म्हणून मी ठरावीक माणसांनाच सांगणार," असे स्पष्ट बोला. समुपदेशक, रेक्टर आणि मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा घरचा माणूस, यांना बोलवा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते. तातडी असेल तर १०८ किंवा ११२ लावा.

पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जाते. तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. मूल परत आल्यावर बुडालेले तास, राहिलेली परीक्षा, खोली, यांची सोय आधीच करून ठेवा.

घरच्यांनी एवढे करावे

फोनवर "पेपर कसा गेला?" याच्या आधी "जेवलास का, झोप लागते का?" हे विचारा. एक वर्ष गेले तर वर्षच गेले, पोर आपले आहे, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू द्या. आणि वर दिलेले नंबर एका कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसतील असे लावा. आपल्या नाही तर शेजारच्या पोराच्या उपयोगी पडतील.